बाटलीतलं आम्ल आणि वावरातलं ऊन

केमिकल पीलची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न टक्क्यांचा येतो. तीस टक्क्यांचं केलं की पन्नासचं, ग्लायकोलिक की सॅलिसिलिक, किती मिनिटं ठेवलं, किती बैठका सांगितल्या. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांतही आता हीच भाषा ऐकू येते. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा या दोन तालुक्यांचाच आहे. पण इथला माणूस बाजारासाठी, कॉलेजसाठी आणि मोठ्या दवाखान्यासाठी अजूनही नागपूरचीच वाट धरतो. मुरमांचे डाग, वांग, बाळंतपणानंतर गालांवर आलेला काळसरपणा यांवर पील करून घ्यायलाही नागपूर गाठलं जातं, नाहीतर गावातलंच पार्लर. कुठंही केलं तरी दोन बायकांना त्याच बाटलीतून तेच द्रावण लावल्यावर एकीचा चेहरा उजळतो आणि दुसरीचा आधीपेक्षा काळवंडतो, असं का होतं? औषध भेसळीचं होतं किंवा हात चुकला, असा निष्कर्ष लगेच काढला जातो, आणि कधी कधी ते खरंही असतं. मला मात्र असं वाटतं, की पीलचा निकाल खुर्चीवरच्या वीस मिनिटांत ठरतो त्याहून जास्त आधीच्या महिन्यात आणि नंतरच्या दोन महिन्यांत ठरतो. आणि संत्रा-कापसाच्या या पट्ट्यात तो हिशेब सगळ्यांत आधी उन्हाशी मांडावा लागतो.

पील म्हणजे ठरवून केलेली, मोजकी जखम. आम्लाने वरचा थर सैल होतो, काही दिवसांत गळून पडतो आणि खालून नवी त्वचा येते. जखम कुठवर गेली त्यावरून पीलची जात ठरते. बाह्यत्वचेतच थांबलं तर वरवरचं, अंतस्त्वचेच्या वरच्या भागात उतरलं तर मध्यम, त्याखाली गेलं तर खोल. प्रत्येक आम्लाचा स्वभावही वेगळा. ग्लायकोलिकचा रेणू आपल्या, म्हणजे अल्फा हायड्रॉक्सी आम्लांच्या, कुळात सगळ्यांत लहान, त्यामुळे तो झपाट्याने आत शिरतो आणि आपणहून थांबत नाही. वेळ पाहून सोड्याच्या पाण्याने त्याला शमवावं लागतं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून तेलकट, मुरमांच्या चेहऱ्यावर रंध्रांत उतरतं. त्याच्या द्रावणातला अल्कोहोल उडाला की चेहऱ्यावर पांढरी भुकटी उरते, तिला शमवण्याची गरज नसते. टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लानेही चेहरा पांढरा पडतो, पण त्या पांढरेपणाचा अर्थ निराळा: तिथे त्वचेतली प्रथिनं गोठलेली असतात. सॅलिसिलिकची भुकटी ओल्या बोळ्याने पुसली जाते, टीसीएचा पांढरा थर पुसला जात नाही, आणि तो विरळ आहे की घट्ट यावरून जखमेची खोली ओळखतात. हा फरक न कळणाऱ्या हातात टीसीएची बाटली असणं धोक्याचं आहे. यांतली बरीचशी द्रव्यं नवी नाहीत. उन्ना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८८२ मध्येच सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि टीसीएचे त्वचेवरचे परिणाम लिहून ठेवले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अनुभवानंतरही निकाल माणसागणिक बदलतो, यावरून कारण केवळ रसायनात नाही एवढं तरी दिसतं.

रसायनापुरतं बोलायचं तरी बाटलीवरचा टक्क्यांचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. त्वचेत शिरतं ते मोकळं आम्ल. ते किती मोकळं आहे हे द्रावणाच्या पीएचवर ठरतं, आणि पीएच जितका कमी तितकं द्रावण तीव्र. ग्लायकोलिक आम्लाचं गणित सरळ आहे. पीएच ३.८३ असताना निम्मं आम्ल मोकळं असतं आणि निम्मं बांधलेलं. पीएच एकाने उतरला की मोकळं आम्ल सुमारे ९१ टक्क्यांवर जातं, एकाने चढला की सुमारे ९ टक्क्यांवर येतं. आता दोन बाटल्या घ्या. पहिलीवर ५० टक्के लिहिलंय आणि तिचा पीएच ३.८३ आहे. तिच्यात मोकळं आम्ल २५ टक्के. दुसरीवर ३५ टक्केच लिहिलंय, पण पीएच २.८३ आहे. तिच्यात मोकळं आम्ल जवळजवळ ३२ टक्के. म्हणजे ३५ची बाटली ५०च्या बाटलीपेक्षा जास्त चावते. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये या कुळातल्या आम्लांसाठी मर्यादा घातली, तेव्हा दोन्ही आकडे एकत्र बांधले होते ते यासाठीच. घरी वापरायचं असेल तर १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच किमान ३.५. प्रशिक्षित माणसाने सलूनमध्ये, थोडा वेळ लावून धुऊन टाकायचं असेल तर ३० टक्क्यांपर्यंत आणि पीएच किमान ३. इंटरनेटवरून मागवलेल्या बाटलीवर टक्के मोठ्या अक्षरांत असतात आणि पीएच कित्येकदा नसतोच. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा तीव्र बाटल्या घरी, देखरेखीशिवाय वापरू नका असा इशारा दिला. त्या इशाऱ्याला भूगोलाची मर्यादा नाही, कारण कुरियर पांढुर्ण्यातही येतं.

शिवाय चेहरा म्हणजे एकसारखा पसरलेला कागद नव्हे. लावण्याआधी ॲसिटोन किंवा स्पिरिटने तेल किती पुसलं, बोळा हलका फिरवला की घासला, एक हात दिला की तीन, यांवर तेच द्रावण वरवर राहतं किंवा खोल उतरतं. नाकाच्या बाजूच्या घडीत, ओठांच्या कोपऱ्यांत द्रावण साचतं आणि तिथेच आधी भाजतं. जाणता डॉक्टर त्या जागांना आधी व्हॅसलिन लावतो. हाताचं कसब मी कमी लेखत नाही. पण कसबी हातालासुद्धा समोर आलेली त्वचा जशी असेल तशीच मिळते.

आपल्या त्वचेबद्दल बोलताना रंगाची लाज किंवा रंगाचा अभिमान, दोन्ही बाजूला ठेवून पाहायला हवं. १९७५ मध्ये फिट्झपॅट्रिक यांनी उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून प्रकार पाडले. पुढे ते सहा झाले आणि भारतीय बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. या त्वचेत रंगद्रव्य करणाऱ्या पेशी जास्त असतात असं नाही, त्या जास्त कामसू असतात. ऊन लागलं की त्या रंग तयार करतात, आणि दाह झाला तरीही रंगच तयार करतात. मुरूम फुटल्यावर, चटका बसल्यावर, डास चावून खाजवल्यावर काळा डाग राहतो तो याच कारणाने. पील हाही दाहच आहे. तो मर्यादेत राहिला तर जुना डाग उतरतो, मर्यादेबाहेर गेला तर नवा डाग उमटतो, आणि तो जायला महिने लागतात.

यावरून सावळ्या चेहऱ्याला पील करूच नये असा सल्ला कुणी देतं. तो मला पटत नाही, कारण पुरावा तसं सांगत नाही. डॉ. पर्ल ग्राइम्स यांनी १९९९ मध्ये पाचव्या-सहाव्या प्रकारच्या त्वचेच्या २५ जणांवर सॅलिसिलिक पील करून पाहिलं. बहुतेकांना चांगला फायदा झाला आणि त्रास झाला तो थोड्यांना, तोही सौम्य. वांगाबाबत २००२ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. एकात वांग असलेल्या ४० भारतीय रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त मलम दिलं आणि निम्म्यांना तेच मलम अधिक ग्लायकोलिकची पीलं. पीलवाल्यांचा चेहरा लवकर आणि जास्त सुधारला. दुसरा अमेरिकेतल्या २१ लॅटिन वंशाच्या बायकांवरचा. संपूर्ण चेहऱ्याला हायड्रोक्विनोनचं रंग आवरणारं मलम आणि सनस्क्रीन, पील मात्र एकाच गालाला. आठ आठवड्यांनी दोन्ही गाल सुधारले आणि दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दोन्ही अभ्यास लहान आहेत, माणसं वेगळी, मलमं वेगळी, बैठकांची संख्या वेगळी. त्यांवरून पील निरुपयोगी ठरत नाही आणि जादूही ठरत नाही. दोन्हींत न बदललेली एक गोष्ट मात्र उरते: पील न केलेला चेहरा किंवा गालसुद्धा मलम आणि उन्हापासूनच्या बचावाने सुधारला. मग पीलने भर घातली असेल तर ती या पायावरच. पाया नसताना नुसतं पील करून काय मिळणार, हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायला हवा.

डागाची खोलीही आधी बघावी लागते. अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्पचा जांभळा उजेड टाकला की बाह्यत्वचेतलं रंगद्रव्य ठळक होतं, अंतस्त्वचेत उतरलेलं तसं उठून दिसत नाही. वरवरचं पील पहिल्याला हात घालू शकतं, दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही. खोल डागासाठी बैठकांमागून बैठका घेतल्या की दाह वाढतो, डाग तसाच राहतो. दिव्याची तपासणी दोन मिनिटांची आहे आणि निर्दोषही नाही, सावळ्या त्वचेवर ती अनेकदा संदिग्ध उत्तर देते. तरी ती न करता आठ बैठकांचं पॅकेज हातात देणं मला अन्यायाचं वाटतं.

मेडिकलवरून आणलेल्या ट्यूबबद्दल तर थांबून बोललंच पाहिजे. गोरेपणासाठी, वांगासाठी, खाजेसाठी, कशासाठीही शेजारणीने सुचवलेली स्टेरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने चेहऱ्याला चोळली जाते. सुरुवातीला चेहरा उजळ आणि नितळ दिसतो, म्हणून विश्वास बसतो. मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरूम येतात, लव वाढते, आणि ट्यूब बंद केली की चेहरा लाल होऊन आग आग करतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असं नावच दिलं, तक्रारी सरकारपर्यंत नेल्या, आणि २०१८ मध्ये अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत गेली. तरी काउंटरवर मागितली की मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. अशा पातळ झालेल्या त्वचेवर नेहमीच्या ताकदीचं पील लावलं तर ते अपेक्षेपेक्षा खोल जातं. दोष पीलला लागतो, आणि वर्षभर लावलेली ट्यूब कुणाला आठवत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत टाकून न्याव्यात. नाव आठवत नाही, पिवळ्या रंगाची होती, एवढ्याने भागत नाही. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील, ओठांवर जराच्या पुळ्या (हर्पिस) उठण्याची सवय असेल, ॲस्पिरिन सोसत नसेल, दिवस गेले असतील, तर तेही न विचारता सांगावं. आठवडाभर आधीपासून ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद. पार्लरमध्ये एकाच दिवशी ब्लीच, थ्रेडिंग आणि वर पील असा बेत असेल तर सोललेल्या जागी आम्ल पडतं, आणि भुवईच्या वर किंवा ओठावर काळी रेघ उमटते.

याउलट तयारीचे दोन ते चार आठवडे मिळाले की चित्र पालटतं. या काळात रोज सनस्क्रीन, रात्री डॉक्टरांनी दिलेलं मलम, गरज असेल तर हायड्रोक्विनोनसारखं रंग आवरणारं औषध. त्याने वरचा थर सगळीकडे सारखा होतो, म्हणून आम्ल सारखं उतरतं, आणि रंगाच्या पेशी आधीच शांत असल्याने दाहाला भडकून उत्तर देत नाहीत. याचा दुसरा फायदा औषधापलीकडचा आहे. जिला चार आठवडे सनस्क्रीन लावणं जमलं नाही, तिला पीलनंतरही जमणार नाही, हे तिला आणि डॉक्टरांना, दोघांनाही आधीच कळतं.

आता ऊन. पांढुर्णा आणि सौंसर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण साडेएकवीस अक्षांशांवर आहेत. त्यामुळे मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास, असा वर्षातून दोनदा सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक ११च्या पुढे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर सर्वांत वरच्या पायरीवर जातो. पावसाळ्यात ढग आहेत म्हणून निश्चिंत व्हावं तर पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं खाली येतात. म्हणून डॉक्टर सांगतात, पील थंडीत करा. शहरात, कार्यालयात बसणाऱ्या बाईसाठी हा सल्ला बरोबर आहे. आपल्या पट्ट्यात तो जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही असं मला वाटतं. दसरा-दिवाळीपासून कापूस वेचणी सुरू होते ती संक्रांतीपर्यंत आणि पुढेही चालते. ती करतात बायकाच. आंबिया बहाराचा संत्रा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडायला येतो, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे पुस्तकातला सुरक्षित मोसम हाच इथल्या वावरातला सगळ्यांत गर्दीचा मोसम. जानेवारीचं ऊन मेपेक्षा सौम्य असतं हे खरं, पण चेहऱ्याला हिशेब लागतो तो एकूण पडलेल्या उन्हाचा. जानेवारीत आठ तास कपाशीत उभी असलेली बाई मे महिन्यात दुपारभर घरात थांबणाऱ्या बाईपेक्षा कितीतरी जास्त ऊन घेते. म्हणून पीलची तारीख कॅलेंडरवरचा महिना पाहून ठरवू नये. पुढचे सहा-आठ आठवडे काम सावलीत असेल की उन्हात, हे पाहून ठरवावी.

पील झाल्यावर पहिले पाच-सात दिवस तर त्वचा उघडीच असते. नागपुरात सकाळी पील करून दुपारच्या बसने, खिडकीजवळ बसून सौंसरला परतणं, किंवा मोटरसायकलवर मागे बसून, तोंडाला ओढणी गुंडाळून पांढुर्ण्यापर्यंत येणं, यात जे नुकसान होतं ते कुठल्या कागदावर येत नाही. संध्याकाळची वेळ मागून घ्यावी, एवढी साधी गोष्ट आहे. ओढणीही पातळ, फिकट सुती असेल तर किरणं आरपार येतात. गडद, घट्ट विणीचं कापड हवं, आणि त्याखाली सनस्क्रीन तरीही हवंच. सावळ्या त्वचेबाबत आणखी एक गोष्ट गेल्या काही वर्षांत स्पष्ट झाली आहे. २०१० मधल्या एका अभ्यासात डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही गडद त्वचेवर टिकून राहणारा काळेपणा आला, गोऱ्या त्वचेवर आला नाही. नेहमीचं पांढरं सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाही. लोहाचे ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन तो बराच अडवतं. वांग असेल तर तेच मागावं. थर पातळ नको, दोन बोटांच्या लांबीएवढं चेहरा-मानेला, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

इतकी कटकट असेल तर आपली संत्र्याची साल काय वाईट, असं कुणी म्हणेल. संत्रा घरचा, साल वाळवून दळली की चूर्ण तयार, कसलं रसायन नाही. या चूर्णाला माझा विरोध नाही. हलक्या हाताने लावून धुतलं तर बहुतेकांना काही होत नाही. फक्त ते पीलचं काम करत नाही, कारण त्यात मोकळं आम्ल पुरेसं नसतं आणि जे घडतं ते घासण्याने घडतं. जोरात घासलं तर सावळ्या त्वचेवर त्याचाही डाग राहतो. लिंबाची गोष्ट मात्र वेगळी. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास असतो, आणि लिंबाच्या सालीत सोरॅलेन जातीची द्रव्यं असतात. ती त्वचेवर राहिली आणि ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, नंतर महिनोन्‌महिने टिकणारे काळे पट्टे. चेहऱ्याला लिंबू चोळून वावरात जाणं म्हणजे किती टक्के, किती पीएच, किती वेळ यांपैकी काहीच ठाऊक नसलेलं पील, तेही भर उन्हात. नैसर्गिक म्हणून ते सौम्य ठरत नाही.

लग्नाचा आक्षेप जास्त खरा आहे. तुळशीच्या लग्नानंतर तारखा धरल्या जातात, मुलीला पंधरा दिवस आधी कळतं, आणि घरचे म्हणतात, चेहरा जरा उजळून घे. पंधरा दिवसांत तयारी आणि साल गळणं दोन्ही उरकत नाही, आणि बिघडलं तर सावरायला वेळ उरत नाही. हळदीच्या दिवशी गालावर तपकिरी खपली असण्यापेक्षा मुरमांचा जुना डाग बरा. अशा वेळी पीलला स्पष्ट नकार देणारा डॉक्टर गिऱ्हाईक गमावतो, पण तोच भरवशाचा समजावा. आणि पीलने जन्माचा रंग बदलत नाही. त्याने डाग आणि आजूबाजूची त्वचा यांतला फरक कमी होतो. मुलीकडून याहून जास्त मागणाऱ्या सासरला त्याचं उत्तर बाटलीत मिळणार नाही.

सगळ्यांत जड आक्षेप उरतो तो मजुरीचा. सावलीत बसणं जिला परवडतं तिनेच पील करावं, असा याचा अर्थ होतो का? काही अंशी होतो, आणि ते मला बोचतं. पण रोज वावरात जाणाऱ्या बाईला पील आधी आणि बचाव नंतर असं विकणं याहून वाईट आहे. तिच्यासाठी क्रम उलटा हवा. आधी तीन महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली मलम, रंगाचं सनस्क्रीन, गडद दुपट्टा आणि रुंद कडेची टोपी. २००२च्या त्या अभ्यासातल्या पील न केलेल्या गालाप्रमाणे तिचाही चेहरा पुष्कळ सुधारू शकतो, आणि पीलचे पैसे वाचतात. त्यानंतरही डाग उरला तर लॅक्टिक किंवा मँडेलिकसारखं सौम्य पील, आधी कानामागे चाचणी घेऊन, बैठकांत चार आठवड्यांचं अंतर ठेवून, आणि एक तोडा संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या सवडीत. यासाठी नागपूरच्या दवाखान्यांनीही एक बदल करायला हवा. केसपेपरवर वय, ॲलर्जी, गोळ्या यांचे रकाने असतात. पांढुर्णा-सौंसरहून आलेल्या बाईला त्याखाली आणखी दोन प्रश्न विचारून उत्तरं लिहून घ्यावीत: दिवसातले किती तास उन्हात जातात, आणि पुढच्या दोन महिन्यांत वावरात कोणतं काम आहे.